प्रस्तावना : दफ्तर कोणाच्या स्वाधीन?

या पुस्तकाचा विषय डेटा स्ट्रक्चर हा असला, तरी यादी, स्टॅक, क्यू, हीप, ट्री आणि ग्राफ या रचनांची निव्वळ ओळख करून देण्याकरिता ते लिहिलेले नाही. तशी ओळख करून देणारी पुस्तके पुष्कळ आहेत आणि त्यांपैकी काही उत्तम आहेत. ज्या प्रश्नाला ती पुस्तके सहसा हात घालीत नाहीत, अथवा घातलाच तर तो एखाद्या भाषेच्या व्याकरणापुरता आहे असे समजून अर्ध्या पानात निकालात काढतात, तो प्रश्न येथे मध्यभागी आणलेला आहे. अशा रचनांची लायब्ररी लिहावयास बसलेल्या मनुष्याने त्या रचनेवर करावयाच्या क्रिया तिच्याच पोटात ठेवाव्यात, म्हणजे क्लास लिहून त्या क्रिया त्याच्या मेथड्स कराव्यात, की रचना साधी व उघडी ठेवून क्रिया स्वतंत्र फंक्शन्सच्या रूपाने तिच्या बाहेर मांडाव्यात, हा तो प्रश्न होय. यांतील पहिल्या वाटेला या पुस्तकात ऑब्जेक्ट-पद्धती आणि दुसरीला फंक्शन-पद्धती म्हटले आहे.

नांदेडजवळ विष्णुपुरीस १९८१ साली श्री गुरु गोबिंद सिंघजी यांच्या नावाचे अभियांत्रिकी महाविद्यालय निघाले, त्याच परिसरात १९९४ साली स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले, आणि तिकडे लातुरात, जेथील अभ्यासाच्या शिस्तीला ‘लातूर पॅटर्न’ हे नाव सबंध महाराष्ट्राने देऊन टाकले, तेथेही संगणकशास्त्राचे वर्ग भरू लागले. देगलूर, मुखेड, निलंगा, अहमदपूर अशा ठिकाणांहून या वर्गांत येऊन बसणारा विद्यार्थी प्रथम सी भाषा शिकतो आणि स्टॅकचा पत्ता एका फंक्शनच्या हाती देऊन त्यात पाच हा आकडा ढकलतो. पुढल्या वर्षी सी++ किंवा जावा आली म्हणजे तोच आकडा ढकलण्याची आज्ञा तो खुद्द स्टॅकला करू लागतो, आणि पहिली रीत जुनी, दुसरी सुधारलेली, असा एक संस्कार त्याच्या मनावर न बोलता होतो. परीक्षेत ‘फरक स्पष्ट करा’ या प्रश्नाखाली दोन रकाने आखून तो गुणही मिळवितो. मग तिसरी भाषा पायथन येते, तीत यादीची लांबी विचारावयाची तर बाहेरच्या ‘लेन’ या फंक्शनला विचारावे लागते आणि यादीत भर घालावयाची तर यादीच्याच ‘अपेंड’ या मेथडला सांगावे लागते, आणि एकाच भाषेत, एकाच यादीच्या बाबतीत, एक क्रिया बाहेर व दुसरी आत का, याचे उत्तर त्या दोन रकान्यांत कोठेच सापडत नाही. त्या विद्यार्थ्याची बुद्धी उणी नाही. आमच्या शिकविण्यात एक मोठी जागा रिकामी राहिलेली आहे, आणि ती भरून काढावी या तळमळीतून हे पुस्तक मराठीत लिहिले गेले.

इतिहासाचा धागा थोडक्यात सांगणे प्राप्त आहे. ओस्लोच्या नॉर्वेजियन कॉम्प्युटिंग सेंटरमध्ये ओले-योहान डाल आणि क्रिस्टन नीगार्ड यांनी सिम्युला ६७ ही भाषा तयार केली आणि क्लास ही कल्पना प्रथम व्यवहारात आणली; परंतु ज्या विचाराने त्या कल्पनेला खरी प्रतिष्ठा दिली तो विचार क्लासचा नव्हता. १९७२ साली डेव्हिड पार्नास यांनी एका लहानशा अनुक्रमणिका-कार्यक्रमाची दोन प्रकारे विभागणी करून दाखविली. एका विभागणीत कामाच्या पायऱ्यांप्रमाणे भाग पाडले होते. दुसरीत, पुढे बदलण्याचा संभव असलेला प्रत्येक निर्णय एकेका भागाच्या आत दडविला होता. मजकूर आत कसा साठविला आहे हे बदलले म्हणजे पहिलीतील बहुतेक सर्व भागांना हात लावावा लागतो, दुसरीत एकालाच. १९७४ साली बार्बरा लिस्कोव्ह आणि स्टीफन झिल्स यांनी याच अंगाने डेटाचा प्रकार हा त्याच्या साठवणीवरून न ओळखता त्यावर करता येणाऱ्या क्रियांवरून ओळखावा, असे मांडले. बेल लॅबोरेटरीजमध्ये ब्यार्ने स्ट्राउस्ट्रुप यांनी १९७९ पासून सी भाषेला क्लासची जोड देण्याचे काम आरंभिले, आणि त्यातून निघालेल्या सी++ने हे सर्व सामान्य प्रोग्रामरच्या टेबलावर आणून ठेवले. दुसरी, म्हणजे फंक्शन-पद्धतीची, परंपरा ऑब्जेक्ट-पद्धतीहून वयाने मोठी आहे. जॉन मॅकार्थी यांच्या लिस्प भाषेपासून, म्हणजे १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून, ती चालत आली आहे, आणि तीत थोड्या, साध्या, सर्वांना ठाऊक अशा रचना व त्यांवर चालणारी असंख्य फंक्शन्स असा प्रपंच असतो. या दोन परंपरांमध्ये जुनी-नवी, मागासलेली-पुढारलेली असे काही नाते नाही, हे वाचकाने आरंभीच ध्यानात घ्यावे.

आता हा प्रश्न मराठवाड्यातल्या माणसाला परका नाही, असे मी म्हणतो तेव्हा ते उगीच आपुलकीपोटी म्हणत नाही. नांदेड व लातूर या दोन जिल्ह्यांतील प्रत्येक शेतकरी कुटुंबाच्या घरात, पत्र्याच्या पेटीत म्हणा की आता मोबाइलमध्ये म्हणा, एका फार मोठ्या डेटा स्ट्रक्चरचा एक तुकडा जपून ठेवलेला असतो, आणि तो म्हणजे सातबारा. निजामाच्या अमलात हा मुलूख हैदराबाद संस्थानात होता, दफ्तर उर्दूत व साल फसली होते. १३५८ फसलीच्या विनियमाने हक्कनोंदणीची रीतसर व्यवस्था झाली, १९५४-५५ चे खासरा पाहणी पत्रक आजही जमिनीच्या वादात पुराव्याला काढले जाते. पुढे १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आणि १९६० साली महाराष्ट्रात आला, पटवारी व गिरदावर यांच्या जागी तलाठी व मंडळ अधिकारी आले, आणि १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेने सर्व राज्याला एकच शिरस्ता घालून दिला. त्या शिरस्त्यात आपल्या प्रश्नाचे उत्तर, किंवा निदान उत्तराचा अर्ध्याहून अधिक भाग, लिहून ठेवलेला आहे.

गाव नमुना सात हा अधिकार अभिलेख. गट क्रमांक, क्षेत्र, भोगवटादाराचे नाव, इतर हक्कांत कर्जाचा बोजा, असा त्याचा तपशील. या नमुन्यावर थेट काही लिहिण्याची मुभा कोणालाही नाही, तलाठ्यालाही नाही. जमीन विकली गेली, खातेदार मयत होऊन वारस लागले, बँकेने कर्ज दिले, काहीही झाले तरी प्रथम नोंद व्हावयाची ती गाव नमुना सहामध्ये, म्हणजे फेरफार नोंदवहीत. तिची प्रत चावडीवर लागते, हितसंबंधी लोकांना नोटीस जाते, पंधरा दिवसांत कोणी हरकत घेतली तर प्रकरण विवादग्रस्त प्रकरणांच्या नोंदवहीत जाते, हरकत नसेल अथवा तिचा निकाल झाला असेल तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो, आणि मगच त्या फेरफाराचा अंमल सातबाऱ्यावर दिला जातो. हाती लिहिलेल्या जुन्या सातबाऱ्यावर जुने नाव खोडून टाकलेले आढळत नाही. त्याला कंस केलेला असतो, नवे नाव खाली येते आणि शेजारी वर्तुळात फेरफाराचा क्रमांक असतो. आता हे काम ई-फेरफार प्रणालीत संगणकावर होते, पण क्रम बदललेला नाही, आणि बदलता कामा नये.

ऑब्जेक्ट-पद्धतीचे मर्म एवढेच आहे. रचनेला एक नियम असतो, जो प्रत्येक क्रियेच्या पूर्वी आणि नंतर खरा असलाच पाहिजे: गटातील हिश्श्यांची बेरीज गटाच्या क्षेत्राएवढी असावी, हीपमधील कोणताही पालक आपल्या अपत्यापेक्षा मोठा नसावा, शोधवृक्षात डावीकडचे सर्व लहान व उजवीकडचे सर्व मोठे असावे. हा नियम मोडण्याचे सामर्थ्य ज्या क्रियेत आहे, ती क्रिया कोणाच्याही हाती मोकळी सोडून चालत नाही. तिला एक ठरलेला दरवाजा असावा लागतो आणि त्या दरवाजावर नियमाची जबाबदारी असलेला अधिकारी बसलेला असावा लागतो.

तथापि त्याच कागदाच्या खालच्या अर्ध्या भागाकडे पाहावे. गाव नमुना बारा हा पिकांचा. कोणत्या हंगामात किती क्षेत्रावर सोयाबीन, किती क्षेत्रावर तूर, पड किती, हे त्यावर पाहणी करून लिहिले जाते. त्याला फेरफार लागत नाही, मंडळ अधिकाऱ्याने प्रमाणित केलेली नोंद लागत नाही, आणि २०२१ पासून तर ई-पीक पाहणीच्या सोयीने शेतकरी स्वतःच आपल्या मोबाइलवरून ही नोंद करू लागला. एकच कागद, वरचा भाग कडेकोट बंदोबस्तात आणि खालचा मोकळा. आणि दोन्ही भागांवर आधारलेली जी गणिते होतात, म्हणजे बँकेने कर्जाची मर्यादा ठरविणे, विमा कंपनीने पीकविम्याचे क्षेत्र काढणे, एखाद्या अभ्यासकाने तालुक्यातील उसाखालचे क्षेत्र मोजणे, त्यांपैकी एकाही गणिताची जबाबदारी तलाठ्यावर नाही. ती सर्व दफ्तराबाहेर होतात. ज्याला नुसते वाचावयाचे आहे त्याने दफ्तर वाचावे आणि आपला हिशेब आपल्या कचेरीत करावा. समजा, हे प्रत्येक गणित तलाठ्याच्या कर्तव्यांतच घातले असते, तर बँकेने व्याजाचा एक नियम बदलताच महसूल संहिता दुरुस्त करावी लागली असती. ऑब्जेक्ट-पद्धतीचे उत्साही उपासक जेव्हा एका क्लासमध्ये शंभर मेथड्स भरतात, तेव्हा ते नेमके हेच करीत असतात. आणि फंक्शन-पद्धतीचा अट्टाहास धरणारे जेव्हा नमुना सातही उघडा टाकतात, तेव्हा ते त्याहूनही गंभीर अशी गोष्ट करीत असतात.

नियम उघडा टाकल्याचा परिणाम किती मुकाट्याने होतो हे प्रत्यक्ष पाहण्यासाठी पायथनमधील हीपचे उदाहरण घेऊ. पायथनच्या प्रमाण लायब्ररीत ‘हीपक्यू’ या नावाचा जो भाग आहे तो शुद्ध फंक्शन-पद्धतीचा आहे. त्यात हीप नावाचा क्लासच नाही, साधी यादी हाच हीप, आणि तीत घालण्याचे व तीतून काढण्याचे काम बाहेरची फंक्शन्स करतात. यादीत ३, ५, ९, ८ या क्रमाने आकडे आहेत असे समजा. पहिल्या स्थानावरील ३ हा ५ व ९ यांचा पालक, आणि ५ हा ८ चा पालक. नियम पाळला गेलेला आहे. आता १ हा आकडा ‘हीपपुश’ या फंक्शनने घातला, तर तो प्रथम शेवटी बसतो, आपला पालक ५ याच्याशी तुलना होऊन त्याच्या जागी चढतो, मग ३ शी तुलना होऊन शिखरावर जातो, आणि यादी १, ३, ९, ८, ५ अशी होते. परंतु एखाद्या प्रोग्रामरने, यादी तर आहेच असे समजून, तोच १ ‘अपेंड’ करून टाकला, तर यादी ३, ५, ९, ८, १ अशी राहते. कोणतीही त्रुटी पडद्यावर येत नाही, कार्यक्रम थांबत नाही, आणि पुढे सर्वांत लहान आकडा मागितला म्हणजे १ असताना ३ बाहेर येतो. इस्पितळाच्या रांगेत सर्वांत निकडीचा रुग्ण मागे राहील आणि दुसऱ्याचेच नाव पुकारले जाईल, एवढा अर्थ त्या एका ओळीत भरलेला आहे.

मग हा भाग लिहिणारांनी हीप उघडा का ठेवला? त्यांना हे कळत नव्हते असे मानणे अन्यायाचे होईल. उघडा ठेवल्यामुळे आधीच हाती असलेल्या यादीचे, दुसरी जागा न घेता, जागच्या जागी व एकूण आकड्यांच्या प्रमाणात वेळ घेऊन हीपमध्ये रूपांतर करता येते. यादीवर चालणारी यच्चयावत फंक्शन्स हीपवरही चालतात. बेरीज करा, फाइलमध्ये लिहा, मोजा, काही नवे शिकावे लागत नाही. आणि ज्याला बंदोबस्त हवा त्याच्याकरिता त्याच प्रमाण लायब्ररीत ‘प्रायॉरिटीक्यू’ हा क्लास आहेच, जो आत ‘हीपपुश’ या फंक्शनलाच बोलावतो आणि वरून अनेक थ्रेड्समधील गर्दीला कुलूप लावतो. बाहेरच्या अंगाला क्लास, आतल्या अंगाला फंक्शन्स, अशी ही दोन मजल्यांची बांधणी मला फार शहाणपणाची वाटते, आणि या पुस्तकातील बहुतेक रचना तिच्याच धर्तीवर लिहिल्या आहेत.

केवळ क्लास लिहिला म्हणजे नियम राखला जातो असेही नाही, आणि याचे सर्वांत बोलके उदाहरण जावाच्या अगदी पहिल्या आवृत्तीतले आहे. तीत स्टॅक हा क्लास व्हेक्टर या क्लासचा वारस म्हणून लिहिला गेला. व्हेक्टरला मधल्या कोणत्याही स्थानावर आकडा घुसविता येतो. वारसा हक्काने ती क्रिया स्टॅककडेही आली, आणि जो स्टॅक केवळ वरच्या टोकाने उघडावयाचा, त्याच्या मध्यभागी हात घालण्याची मुभा कायदेशीरपणे मिळून बसली. क्लास होता, मेथड्स होत्या, झाकलेला भागही होता. फक्त नियमाची आठवण कोणी ठेवली नव्हती.

या विषयात ज्यांचे काम मी पुनःपुन्हा वाचीत आलो, ते अलेक्झांडर स्टेपानोव्ह. डेव्हिड मसर आणि मेंग ली यांच्यासह त्यांनी केलेल्या कामातून सी++ची स्टँडर्ड टेम्प्लेट लायब्ररी सिद्ध झाली; १९९३ च्या नोव्हेंबरात ती भाषेच्या प्रमाणीकरण समितीपुढे मांडली गेली, १९९४ साली मान्य झाली, आणि १९९८ च्या प्रमाण आवृत्तीत आली. ज्या भाषेची कीर्तीच ऑब्जेक्ट-पद्धतीवर उभी होती, तिच्या पोटात स्टेपानोव्ह यांनी क्रमवारी लावणे, शोधणे, मोजणे, उलटविणे ही सर्व फंक्शन्स रचनांच्या बाहेर काढून ठेवली, आणि दोहोंच्या मध्ये इटरेटर नावाचा एक दुवा बसविला, जो रचनेतील एक स्थान दाखवितो आणि पुढल्या स्थानी जातो. त्यामुळे दहा रचना आणि चाळीस क्रिया असल्या तर चारशे मेथड्स लिहावयाच्या, हे संकट टळले. दहा रचनांनी इटरेटर द्यावा, चाळीस फंक्शन्सनी इटरेटर घ्यावा, म्हणजे झाले. पण माझ्या दृष्टीने त्यांच्या थोरवीची खूण त्यांनी घालून दिलेल्या नियमापेक्षा त्याला केलेल्या अपवादांत अधिक दिसते. बाहेरचे ‘सॉर्ट’ हे फंक्शन यादीतील कोणत्याही स्थानावर एका उडीत जाता येईल असे धरून चालते, दुवेबद्ध यादीत, म्हणजे ‘लिस्ट’मध्ये, तसे जाता येत नाही, उलट तीत आकडे न हलविता नुसते दुवे बदलून क्रम लावता येतो, आणि दुवे हे तर आतले रहस्य. म्हणून ‘लिस्ट’ला तिची स्वतःची ‘सॉर्ट’ ही मेथड दिली आहे. ‘सेट’मध्ये बाहेरच्या ‘फाइंड’ने शोधले तर ते पहिल्यापासून एकेक नोंद पाहत जाते, आणि दहा लाख नोंदी असल्या तर दहा लाखही पाहावयास लागते, ‘सेट’च्या स्वतःच्या ‘फाइंड’ला आतला वृक्ष ठाऊक असल्याने वीस ते चाळीस तुलनांत तिचे काम होते. जी क्रिया आतले रहस्य जाणल्याशिवाय नीट होऊच शकत नाही, ती आत. जी दरवाजावर उभे राहून करता येते, ती बाहेर.

हीच गोष्ट २००० साली स्कॉट मेयर्स यांनी एका लेखात अधिक धीटपणे मांडली, आणि ऑब्जेक्ट-पद्धतीत वाढलेल्या अनेकांना ती उलटी वाटली. त्यांचे म्हणणे असे की, रचनेची आतली मांडणी बदलली तर किती फंक्शन्स मोडण्याचा संभव आहे हे मोजावे. जितकी कमी, तितका बंदोबस्त चांगला. या मापाने पाहिले तर क्लासमध्ये घातलेली प्रत्येक अनावश्यक मेथड बंदोबस्त ढिला करते, आणि तेच काम बाहेरच्या फंक्शनने, दरवाजातून, केले तर तो घट्ट राहतो. हे माप मी विद्यार्थ्यांना फळ्यावर मोजायला लावतो. त्यांच्या स्वतःच्याच क्लासवर ते लावले म्हणजे निम्म्याहून अधिक मेथड्स बाहेर जाव्यात असे त्यांना आपोआप दिसू लागते.

दुसरा एक निकष वाढीचा आहे. रचनांचे प्रकार आडव्या ओळींत आणि क्रिया उभ्या रकान्यांत मांडून एक तक्ता केला, तर ऑब्जेक्ट-पद्धतीत नवी ओळ घालणे सोपे व नवा रकाना घालणे कष्टाचे, फंक्शन-पद्धतीत याच्या उलट; या कोड्याला फिलिप वॅडलर यांनी १९९८ साली ‘एक्स्प्रेशन प्रॉब्लेम’ हे नाव दिले, आणि तेव्हापासून अनेक भाषांनी त्याची अनेक उत्तरे दिली आहेत. लायब्ररी लिहिणाऱ्याने आपल्या विषयात पुढे काय वाढणार, प्रकार की क्रिया, याचा अंदाज आधी घ्यावा. जावाच्या कर्त्यांनाही हा अंदाज एकदाच घेऊन भागले नाही: १९९८ साली जोशुआ ब्लॉक यांच्या कलेक्शन्स फ्रेमवर्कमध्ये क्रमवारीचे फंक्शन बाहेर होते, आणि २०१४ च्या जावा ८ मध्ये ‘लिस्ट’लाही क्रमवारीची मेथड मिळाली, कारण ‘अ‍ॅरेलिस्ट’ला आपली आतली अ‍ॅरे उगीच नक्कल न करता जागच्या जागी लावता यावी.

एक तिसरी वाट राहिली, जिच्यासाठी या पुस्तकात दोन प्रकरणे दिली आहेत. रचना कधी बदलायचीच नाही. प्रत्येक क्रियेने जुनी जशीच्या तशी ठेवून नवी द्यावयाची, आणि दोहोंचा न बदललेला भाग दोघींनी वाटून घ्यावयाचा. ख्रिस ओकासाकी यांचा या विषयावरील ग्रंथ १९९८ चा आहे. अशा वृक्षात एक नोंद बदलली तर मुळापासून त्या नोंदीपर्यंतच्या वाटेवरील गाठी तेवढ्या नव्या होतात, बाकीचा वृक्ष जुन्या-नव्या दोन्ही आवृत्त्यांत सामायिक राहतो. जुने नाव न खोडता त्याला कंस करणाऱ्या आणि शेजारी फेरफाराचा क्रमांक लिहिणाऱ्या तलाठ्याला हा विचार समजावून सांगावा लागणार नाही. या वाटेवर एक मोठी चिंता आपोआप कमी होते: बदल करणारी क्रियाच नसल्यामुळे बाहेरून नियम मोडणार कोण? म्हणून येथे रचना उघडी ठेवली तरी भय थोडे, आणि फंक्शन-पद्धती येथे सर्वांत निर्धास्तपणे चालते. जागा अधिक लागते, आणि काही ठिकाणी वेळही. तो हिशेब त्या प्रकरणांत आकड्यांनिशी दिला आहे.

ग्राफचे प्रकरण सर्वांत लांब झाले आहे, आणि ते मी जाणूनबुजून लांबू दिले. त्यात लातूर, चाकूर, अहमदपूर, लोहा, नांदेड ही रस्त्याची साखळी, लातूर रोड, परळी, गंगाखेड, परभणी, पूर्णा, नांदेड हा रेल्वेचा वळसा, आणि उदगीर, मुखेड, कंधार ही गावे घेऊन एक लहान ग्राफ केला आहे. ग्राफच्या क्लासमध्ये बिंदू घालणे, रेघ घालणे, रेघ काढणे आणि शेजारी सांगणे एवढ्याच क्रिया ठेवल्या आहेत. कारण रेघ घालताना दोन्ही टोकांच्या नोंदी जुळल्या पाहिजेत हा एवढाच ग्राफचा नियम आहे. सर्वांत कमी टप्प्यांची वाट काढणे, डायक्स्ट्रा यांच्या १९५९ च्या रीतीने सर्वांत कमी अंतराची वाट काढणे, कोणते गाव बंद पडले तर किती गावांचा संपर्क तुटतो हे पाहणे, या सर्व क्रिया बाहेर आहेत, आणि त्यांची संख्या वाढतच जाणार आहे. पायथनमधील नेटवर्कएक्स ही लायब्ररी याच मताची आहे. आयग्राफ ही लायब्ररी मुळात सी भाषेतील फंक्शन्सची असून तिचा पायथनकडचा चेहरा मात्र मेथड्सचा आहे. दोन्ही वापरून एकच प्रश्न सोडवून दाखविला आहे, म्हणजे वाचकाला आपल्या हाताला कोणता मेळ बसतो ते ठरविता येईल.

त्या प्रकरणाच्या अखेरीस एक अवघड बाब राहते. बाहेरचे फंक्शन वाट काढीत असताना दुसऱ्या कोणी ग्राफमधून रेघ काढून टाकली, तर जबाबदारी कोणाची? पायथनचा शब्दकोश आपल्यावरून फेरी चालू असताना आकार बदलला तर ती फेरी थांबवून त्रुटी जाहीर करतो. सी++मध्ये इटरेटर निकामी होतो आणि पुढे काय घडेल याची भाषा कसलीच हमी देत नाही. न बदलणाऱ्या ग्राफात वाट काढणाऱ्याच्या हाती जुनी आवृत्ती सुखरूप राहते, परंतु त्याने काढलेली वाट आज अस्तित्वात असेलच असे नाही. या तीनही परिस्थितींचे कार्यक्रम तेथे पूर्ण दिले आहेत, आणि ते वाचकाने स्वतःच्या यंत्रावर चालवून, नांदेड-पूर्णा ही रेघ मध्येच काढून पाहावी, अशी माझी विनंती आहे.